मोटरीला हळू उठवणारे मुनीरचाचा

जळालेली मोटर घेऊन कोणी दुकानाच्या पायरीवर आलं की मुनीरचाचा हातातलं काम खाली ठेवायचे, डोक्यावरची टोपी सारखी करायचे आणि अगदी हळू आवाजात विचारायचे, "कशानं गेली?"

विचारण्याची तऱ्हा अशी, की समोरचा माणूस नकळत चपला काढायचा. मोटर फळीवर ठेवली जायची. चाचा तिच्यावरून हात फिरवायचे, वास घ्यायचे, आणि मग चौकशी सुरू. जवळ कोन होतं? किती येळ तडपली? आखरी वक्ती आवाज कसा होता?

शेतकरी बिचारा घाईत. कपाशी सुकत असायची. तो म्हणायचा, "आवाज काय चाचा, मोटरीसारखा आवाज."

"मोटरीसारखा म्हंजे? तुया आन् तुया भावाचा आवाज एकच हाये का? काढून दाखव."

मग त्या माणसाला आवाज काढून दाखवावा लागे. चांगले मिशीवाले, पन्नाशीचे लोक दुकानात उभे राहून "घूंऽऽ" नाहीतर "खर्रर्र" करायचे, आणि चाचा डोळे मिटून, मान हलवत ऐकायचे. आमचं घर आणि त्यांचं वाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरायचं दुकान यांच्यात एकच भिंत. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटायचं, शेजारी अंगात येणाऱ्याचं ठाणं आहे.

आमचं गाव घाटंजी-पांढरकवडा रस्त्यापासून बरंच आत. खाली गाव, आणि गावामागच्या टेकडीवर कोलामांची वस्ती, तिला पोड म्हणतात. त्या पोडावर मी अंगणवाडी चालवते. सकाळी चढायचं, दुपारी उतरायचं. उतरले की चाचांच्या दुकानासमोरूनच घरात शिरायचं, त्यामुळे दिवसभरातल्या सगळ्या मयती मला कळत. "ताई, आज दोन आल्या. एक तं अजून नवी होती वं, प्लास्टिकचा कागदही निघाला नव्हता."

मोटरी मरतात त्या झटक्यानं, हे चाचांचं ठाम मत. आमच्याकडे शेताची लाइट केव्हा येईल त्याचा नेम नाही, म्हणून प्रत्येकानं मोटरीला ऑटोस्विच लावलेला. लाइट आली रे आली की सगळ्या शिवारातल्या मोटरी एकदम धाडकन सुरू होतात. डीपी, म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मर जळतो, मोटरी जळतात, आणि चाचांचं दुकान भरतं. दुसरा कोणी असता तर त्यानं ऑटोस्विचला हार घातला असता. चाचा मात्र गिऱ्हाइकालाच झापायचे. "झोपलेल्या मानसाले कोनी लाथ मारून उठवते का? आहिस्ता, बापा, आहिस्ता."

हा आहिस्ता त्यांनी सगळ्यांनाच लावला होता. दुकानाचं शटर ते असं वर करायचे की आत कोणी आजारी निजलं आहे. माझ्या नवऱ्यानं मोटारसायकलला किक मारली की भिंतीपलीकडून "या अल्ला" ऐकू यायचं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एक मुलगी वणीला दिलेली, दुसरी आदिलाबादला. घरात बोलायला एक बकरी. तिलाही ते सकाळी पाठीवर हात फिरवून, दोन शब्द बोलून मगच उठवायचे.

एकदा ते पांढरकवड्याला कापसाच्या एका जिनिंगमध्ये मोटर बसवायला गेले आणि संध्याकाळी परत आले ते वेगळेच होऊन. दुकान न उघडता थेट आमच्या ओसरीवर बसले.

"ताई, आज मी मोटर उठताना पाह्यली."

"रोजच पाहता तुमी."

"नाही वं. उठताना पाह्यली. अशी..." त्यांनी जमिनीपासून तळहात हळूहळू वर नेला, छातीपर्यंत. "झटका नाही, हिसका नाही. आधी जराशी हालली, मंग फिरली, मंग गायला लागली. माह्या हातातला चहा थंडा झाला."

जिनिंगवाल्यांनी मोटरीला एक पेटी लावली होती. मोटरीला जाणारी वीज कमीजास्त करून ती पेटी मोटर हळूहळू सुरू करते आणि पुढे हवा तेवढाच वेग ठेवते. तिला ड्राइव्ह म्हणतात. चाचांनी हा शब्द गावात आणला आणि आठवड्याच्या बाजारात तो सगळ्यांच्या कानावर घातला. सरपंचांना वाटलं म्हाताऱ्याला ड्रायव्हरची नोकरी पाहिजे. ते म्हणाले, "चाचा, या वयात कोन देईल तुमाले गाडी?"

पण चाचांच्या डोक्यात गावाचा पाण्याचा पंप होता. नाल्याकाठच्या विहिरीवर पंचायतीची मोठी मोटर. तीच मोटर खाली गावाची टाकी भरायची आणि तीच वर पोडावरची लहान टाकी. जोर सगळा टेकडीच्या हिशेबानं ठेवलेला. मग गावाची टाकी भरताना तो जोर पाइपांना सोसायचा नाही, सांधे उडायचे. म्हणून गजानन, म्हणजे पंचायतीचा ऑपरेटर, मोटर पूर्ण वेगात ठेवून पुढचा व्हॉल्व्ह अर्धा आवळायचा.

"म्हंजे बैल पळवाचे आन् कासराही ओढून धराचा," चाचा ग्रामसभेत उभं राहून म्हणाले. "बैल मरल का नाही? आन् लाइटबिल मोटर पळते त्याचं येते, पानी पोचते त्याचं नाही. व्हॉल्व्ह पुरा खोला आन् मोटरच हळू करा. जराशी हळू केली तं बिल लय कमी होते."

पंचायतीची लाइन दर उन्हाळ्यात बिलापायी कापली जायची, त्यामुळे हे शेवटचं वाक्य लोकांच्या डोक्यात बरोबर शिरलं. कोणीतरी हसून म्हणालं, "चाचा, मोटरी जळाच्या बंद झाल्या तं तुमी खासान काय?"

"बकरी," चाचा म्हणाले. पण ती बकरी ते कधीच खाणार नाहीत हे साऱ्या गावाला माहीत होतं.

वर्षभर ते सरपंचांच्या मागे लागले. शेवटी कुठल्याशा योजनेतून ड्राइव्ह आला. बसवायला नागपूरहून माणूस आला. त्यानं व्हॉल्व्ह उघडला, पेटी लावली, टेकडीला पुरेल आणि पाइपांनाही सोसेल असा वेगाचा आकडा ठरवून दिला आणि जाताना बजावलं, "चाचा, टेकडीसाठी इतकं लागेल. याच्या खाली आणू नका."

त्या दिवशी मोटर पहिल्यांदा हळू उठली तेव्हा चाचांनी टोपी काढून हातात घेतली. मी तिथं होते. म्हातारा रडत होता आणि गजानन पेढे वाटत होता. गजाननला आनंद वेगळाच, कारण पेटीची किल्ली त्यानं त्याच दिवशी चाचांना देऊन टाकली. व्हॉल्व्ह आवळायची कटकट गेली, सांधे उडणं गेलं, त्याचा दिवस मोकळा झाला.

चाचा आता रोज पंपघरात. मोटरीवर हात, मोटरीला कान. पहिलं बिल आलं ते खरोखरच कमी आलं. सरपंचांनी चाचांना खुर्ची दिली, चहा दिला. आणि तिथं बिघडलं. चाचांना वाटलं, इतकं कमी केल्यानं इतकं वाचतं, तर अजून थोडं. त्यांनी आकडा जरासा खाली आणला. खालची टाकी भरायला थोडा जास्त वेळ लागला, पण भरली. मोटर गार. आवाज तर असा, की चाचा म्हणत, नमाजाआधीच्या शांततेसारखा. आठवड्यानं त्यांनी आणखी खाली आणला.

"नागपूरवाल्यानं सांगतलं होतं ना?" मी विचारलं.

"कंपनीवाले डरपोक रायते, ताई."

आता यात एक गोष्ट आहे, ती मला नंतर कळली. सपाटीवर पाणी ढकलायचं असेल तर मोटर हळू केली की पाणी हळू जातं, एवढंच. पण तेच टेकडीवर चढवायचं असेल तर एका हद्दीपर्यंतचा जोर लागतोच. त्याच्या खाली आलं की मोटर फिरत राहते, दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा हलत राहतो, पाणी मात्र पाइपात अर्ध्या टेकडीवर उभं राहतं. ना वर, ना खाली.

पोडावरचा नळ आधी बारीक झाला, मग थेंबावर आला, मग बंद. उन्हाळा तोंडावर. पोरांची खिचडी शिजवायला मी खालून घागर नेऊ लागले. पहिली घागर नेली त्याच दिवशी दुकानात गेले.

"चाचा, पोडावर पानी येऊन नाही राह्यलं."

"येते ना. मोटर फिरून राह्यली, काटा हालून राह्यला. मंग पानी जाईल कुठं?"

"तुमी वर येऊन पाहा."

"पाइप फुटला असंन कुठं. मोटर खोटं बोलत नाही, ताई."

"मंग मी खोटं बोलते का?"

ते रागावले नाहीत, पण टेबलावरच्या तारेकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी पोडावरची माणसं त्यांच्याकडे आली. चाचांनी त्यांनाही पाइप शोधायला सांगितलं. भर उन्हात त्या लोकांनी टेकडीवरचा पाइप जागोजागी उकरला. कुठंच फुटलेला नव्हता. पंचायतीत गेले तर सरपंच म्हणाले, चाचांना विचारा. मी परत गेले, परत तेच ऐकलं. साऱ्या तालुक्यातल्या मोटरींचा शेवटचा आवाज ज्यांनी ऐकला, त्यांना माझा आवाज काही ऐकू येईना.

पोडामागे, टेकडीच्या पलीकडच्या उतारावर एक जुनी उघडी विहीर होती. पायऱ्या झिजलेल्या, कठडा नाही. नळ आल्यापासून तिकडे कोणी जात नसे. आता बायका परत जाऊ लागल्या.

जंगूबाई त्यातलीच एक. सत्तरीची असेल. नवरा आयतूबाबा कानानं बहिरा, दिवसभर झोपडीपुढे बसून बांबूच्या टोपल्या विणणारा. मूलबाळ नव्हतं. अंगणवाडी त्यांच्या झोपडीसमोरच, त्यामुळे जंगूबाई माझ्या पोरांना हक्कानं ओरडायची आणि हक्कानं बोरं द्यायची. एका सकाळी ती डोक्यावर पितळेचा गुंड घेऊन त्या विहिरीवर पाण्याला गेली. थोड्या वेळानं पितळ दगडावरून गडगडत गेल्याचा आवाज आला, पाठोपाठ बायकांची ओरड.

पायरीवरून घसरून ती खालच्या दगडांवर पडली होती. चौघांनी खाटेवर घालून टेकडी उतरवली, खाली जीप मिळाली. पांढरकवड्याच्या दवाखान्यापर्यंत तिचं डोकं माझ्या मांडीवर. ती बोलत होती. "म्हाताऱ्याची भाकर झाकून ठेवली हाये, त्याले दाखवून दे वं, त्याले सापडनार नाही," असं दोनदा म्हणाली. रस्त्याला लागायच्या आत तिचं बोलणं थांबलं. जीपवाल्यानं गाडी थांबवली नाही, पण हळू केली. घाई राहिली नव्हती.

तिला परत आणली तेव्हा दुपार झाली होती. खाली दुकानापाशी जीप थांबली. चाचा बाहेर आले, गाडीत बघितलं. सवयीनं त्यांचा हात टोपीकडे गेला. त्यांनी काही विचारलं नाही. मीच सांगितलं, "मागच्या विहिरीवर गेलती. पान्याले."

चाचा आमच्या मागोमाग टेकडी चढले. कित्येक वर्षांत ते वर आले नव्हते, मध्ये दोनदा बसले. वर आल्यावर आधी नळापाशी गेले आणि तोटी उघडली. नळानं नुसती हवा ओढली, सूंऽऽ करून. तो आवाज ऐकून त्यांचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. पाणी का चढत नाही हे कळायला त्यांना मग कोणाची गरज पडली नाही. ते तसेच वळले आणि जवळजवळ धावत खाली गेले.

इकडे बायका तिच्या शेवटच्या आंघोळीला पाणी कुठून आणायचं यावर बोलत होत्या. त्या विहिरीचं कोणाला नको होतं. तेवढ्यात उघडाच राहिलेला नळ खोकला. लाल, गंजलेलं पाणी थुंकला, परत खोकला, आणि मग धार लागली. बायका भांडी घेऊन उठल्या. चाचा परत वर पोचले तेव्हा जंगूबाईला त्याच नळाच्या पाण्यानं आंघोळ घालणं चाललं होतं. ते दूर, मोहाच्या झाडाखाली उभे राहिले. मूठमाती झाली तरी तिथंच उभे होते.

पुढच्या ग्रामसभेत ते उठले. मला वाटलं, बसायला जागा बदलतायत. ते म्हणाले, "जंगूबाई माह्यामुळे मेली. आकडा मी खाली आनला. ताईनं सांगतलं, पोडातल्या मानसाईनं सांगतलं. मी मोटरीचं आयकलं, मानसाचं नाही आयकलं."

सभेत चुळबुळ झाली. सरपंच म्हणाले, "बसा चाचा. पाय घसरला तिचा. वय झालं होतं. तुमचा काय संबंध?"

"संबंध हाये ना. म्हनून तं सांगून राह्यलो."

"कायले अंगावर घेता उगाच? उद्या कोनी विचारीन, इतके दिवस पंचायत काय करत होती." सरपंचांनी घाईघाईनं पुढचा विषय घेतला. तो रस्त्यावरच्या दिव्यांचा होता आणि त्यावर पुष्कळ चर्चा झाली. चाचा बराच वेळ उभेच होते. शेजारच्यानं सदरा ओढला तेव्हा बसले.

पोलिसांकडे जावं असंही त्यांच्या मनात आलं. माझ्या नवऱ्यानं समजावलं की तिथंही ते हसतील. खरंच हसले असते. एखाद्या माणसाला आपला गुन्हा कबूल करायचा आहे आणि सारं गाव त्याला चहा पाजून घरी पाठवतंय, असं मी पहिल्यांदाच पाहिलं. आत्तापर्यंत चाचांच्या विक्षिप्तपणाला लोक हसायचे. आता यालाही हसू लागले. "म्हाताऱ्याच्या डोक्याची वाइंडिंग जळाली," असं कोणीतरी पारावर म्हणालं, आणि ते गावभर झालं.

त्या दिवसानंतर चाचांनी कुठल्याही मोटरीबद्दल "कशानं गेली" असं विचारलं नाही. लोक सवयीनं आवाज काढून दाखवायला लागत, चाचा म्हणत, "ठेव. पाहतो."

ड्राइव्ह त्यांनी काढला नाही. पेटीचा दोष नव्हता हे त्यांना पक्कं माहीत होतं. नागपूरच्या माणसाला परत बोलावून त्यांनी दोन वेगवेगळ्या वेळा ठरवून घेतल्या: गावाची टाकी भरताना मोटर हळू, पोडाची भरताना वरचा व्हॉल्व्ह उघडून पूर्ण जोरात. बिल आधीपेक्षा कमीच येतं. पण चाचांचा आता पंपघरातल्या कुठल्याच काट्यावर भरवसा नाही. पोडाची वेळ झाली की ते गजाननला मोटरीपाशी बसवतात आणि स्वतः टेकडी चढून नळाखाली हात धरतात. हात ओला झाला की पंजा सदऱ्याला पुसत आयतूबाबांच्या झोपडीकडे जातात.

सुरुवातीला मला वाटलं, भेटून येतील एकदा. पण रोजचंच झालं. आयतूबाबा टोपली विणत असतात, चाचा शेजारी टेकतात आणि सांगायला लागतात. रोज तीच गोष्ट, अगदी पहिल्यापासून: जिनिंगमध्ये पाहिलेली मोटर, नागपूरचा माणूस काय म्हणाला, आकडा कसा खाली आणला. मध्येच हवेत बोटांनी बटण फिरवून दाखवतात. आयतूबाबा मान वर करत नाहीत. बहिऱ्या माणसाला गुन्हा सांगणारा हा म्हातारा बघून माझ्या अंगणवाडीतल्या पोरी तोंडावर हात ठेवून हसायच्या. मी दटावायची. मला वाटायचं, बरंच आहे. ज्याला सांगायला पाहिजे त्यालाच सांगतोय, आणि त्याला ऐकू येत नाही. दोघांचंही निभतंय.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी एकदा मी अंगणवाडीची ओसरी झाडत होते. चाचांची गोष्ट संपत आली होती. "...मीच केलं, बाबा. तुमची घरवाली मीच नेली," असं म्हणून ते थांबले. रोज तिथंच थांबतात.

आयतूबाबांनी बांबूची कामटी दातात धरली होती ती काढली. म्हणाले, "डाव्या कानानं येते मले आयकू. थोडं थोडं."

माझा झाडू थांबला. चाचा त्यांच्याकडे बघतच राहिले. ते त्यांच्या डाव्या बाजूलाच बसले होते. रोज तिथंच बसायचे.

"पयल्या दिवसापासून?" चाचांनी विचारलं.

"पयल्या दिवसापासून."

"मंग बोलला काहून नाही? शिव्या तरी द्याच्या होत्या. काठी माराची होती."

आयतूबाबांनी कामटी टोपलीत सारली, ओढून घट्ट केली. "बोललो असतो तं तुयं काम होऊन गेलं असतं. मंग तू कायले आला असता रोज?"

नळ चालूच होता, पोडातली कोणीतरी घागर भरत होती. चाचा गुडघ्यावर हात देऊन उठले. मला वाटलं, आता जातील, आणि परत येणार नाहीत. ते आयतूबाबांच्या मागून वळसा घालून गेले आणि त्यांच्या उजव्या, बहिऱ्या कानाच्या बाजूला जाऊन बसले.